कौन ६

आदेशच्या नंबरवरून रोज दुपारी मेसेज येतो, असं त्याच्या वडिलांनी, लक्ष्मणकाकांनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा आदेशला जाऊन पाच महिने झाले होते.

मी घाबरले नाही, कारण माझ्याकडे उत्तर तयार होतं. आदेशने भाजीच्या वावरात राखणीसाठी एक यंत्र लावलं होतं आणि त्यात स्वतःचं जुनं सिमकार्ड टाकलं होतं. काकांच्या फोनमध्ये तो नंबर 'आदेश' या नावानेच होता.

"काका, ते मशीन पाठवते मेसेज," मी म्हटलं.

"मशीन पाठवते हे मले समजते बाई. मी काही अडाणी नाई. मशीन काय विचारून राह्यली, थे सांग."

"काय विचारते?"

"कौन," ते म्हणाले. "रोज बारा-सव्वाबाराले. कौन सहा. एक दिवस चुकत नाई." मग आवाज खाली आला. "येत्या रविवारी येजो. काकीले म्हणशील का सहज आली."

आदेश आणि मी वर्ध्याला बी.एस्सी.ला एकत्र होतो. विषय इलेक्ट्रॉनिक्स. त्याचं घर हिंगणीचं, शेत बोरच्या जंगलाकडच्या अंगाला. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं पीक, आणि जंगलातून भर दिवसा वानरांची टोळी. वानर खात नाही तेवढं नासवतं, असं तो म्हणायचा. म्हणून त्याने हे यंत्र तयार केलं. हालचाल टिपणारा सेन्सर, भोंगा, सिमकार्डचं मॉड्यूल, आणि हे सगळं चालवणारा तळहातापेक्षा लहान बोर्ड. समोर काही हललं की भोंगा वाजायचा आणि फोनवर मेसेज जायचा.

माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं याच यंत्राबद्दल झालं. त्याने त्याचा प्रोग्रॅम मला पाठवला होता. मी तो माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिला आणि तांबड्या अक्षरांत एक ओळ आली: Rakhan.h: No such file or directory. म्हणजे प्रोग्रॅम राखण नावाची लायब्ररी मागत होता आणि ती माझ्याकडे नव्हती. लायब्ररी म्हणजे कोणीतरी आधीच करून ठेवलेलं काम. तापमान मोजायचं, पडद्यावर अक्षरं उमटवायची, मेसेज पाठवायचा, यासाठी जगभरच्या लोकांनी हजारो लायब्रऱ्या लिहून ठेवल्यात. यादीत नाव शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं, आणि त्या अनोळखी माणसाचं डोकं तुमच्या कामाला लागतं. पण राखण त्या यादीत नव्हती. ती आदेशने स्वतः लिहिली होती आणि ती फक्त त्याच्या लॅपटॉपवर होती. प्रोग्रॅमसोबत लायब्ररीही पाठवावी लागते, हे तो विसरला. आपल्याकडे चालतं म्हणजे सगळीकडे चालेल, असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं.

मी त्याला लिहिलं, "लायब्ररी कोण देईल बे, तुझा बाप?"

त्याने लिहिलं, "नेट नाई इथं, फाईल जाऊन नाई राह्यली. आणतो."

सोमवारी वर्ध्याला आमची भेट ठरलीच होती. मी अंगठा टाकला आणि फोन ठेवून दिला.

रविवारी मी वर्ध्याहून सकाळच्या एसटीने हिंगणीला गेले. एप्रिल होता. साडेदहालाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. लक्ष्मणकाका छपरीत खाटेवर बसले होते, फोन मांडीवर पालथा ठेवून. आत आदेशची आई, आनंदाकाकी, भाकरी थापत होत्या.

"कोन आलं?" आतून आवाज आला.

"मी काकी, रंजिता."

"ये व माय. पाणी पी आधी. किती वाळली तू!" त्या स्वतः निम्म्या झाल्या होत्या.

काकांनी त्या चुलीकडे वळेपर्यंत वाट पाहिली आणि मग फोन माझ्या हातात दिला. वर आदेशचा फोटो, मोटारसायकलवर बसलेला, डोळ्यांवर ऊन आल्याने एक डोळा मिटलेला. खाली रोमन अक्षरांतल्या मेसेजची रांग. VANAR. VANAR. मग KAUN 6. पुन्हा VANAR. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा KAUN 6.

"वानर तं समजते मले," काका म्हणाले. "वानर आलं का थे वानर लिहिते. आन् जे वानर नाई, त्याले म्हणते कौन. बरोबर का नाई?"

मला ते बरोबरच वाटलं. आमच्याकडे मराठी बोलता बोलता हिंदी कधी येते ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. यंत्राला ओळख पटली नाही तर ते 'कौन' असं विचारेल, हे आदेशला शोभणारं होतं.

"कधीपासून येतं हे?"

"तेरवी झाली, आन् दुसऱ्या दिवसापासून चालू. ते तेरा दिवस एक बी नाई दिसला. चुपचाप होतं." काका माझ्याकडे न बघता बोलत होते. "गिरडच्या दर्ग्याले जाऊन आलो. पहाडी चढलो, चादर चढवली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुन्हा टुण."

"तुम्ही वावरात जाऊन पाहिलं नाई?"

"मी नाई जात तिकडं."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

त्या दिवशी काय झालं ते त्यांनी सांगितलं. पाच महिन्यांत कोणालाच सांगितलं नसावं, कारण शब्द अडखळत येत होते. यंत्र वावरात लावल्याचा पहिलाच दिवस होता. वाऱ्याने वांग्याचं पान हललं तरी त्याला वानर वाटायचं. काका सेलूच्या बाजारात भाजी विकत बसले होते, आणि खिशात फोन सारखा वाजत होता. गिऱ्हाइकं हसायला लागली. "का हो लक्ष्मणराव, आज वानरं तुमाले फोन करून राह्यले का?" काका चारच्या सुमारास परत आले, तसेच वावरात गेले आणि रागाच्या भरात बॅटरीची वायर ओढून तोडली. आदेश तिथेच उभा होता.

"त्यानं एकच म्हटलं. काऊन? बस. मी उत्तरच नाई देल्लं. घरी निघून आलो." काकांनी गमछाने तोंड पुसलं. "वायरीची पिन तुटली होती. थे आणाले थो सेलूले निघाला. आन् रस्त्यात रोही आला."

रोही म्हणजे नीलगाय. संध्याकाळी जंगलातून रस्ता ओलांडते. मोटारसायकलच्या दिव्यात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

"आज थे काढून घेऊन जा," काका म्हणाले. "नाईतर मी कुऱ्हाडीनं फोडतो. पण फोडाच्या अगुदर मले एक माहीत पाह्यजे. कोन येते तिथं? थो येत असंल, तं मी..."

मला एक प्रश्न सुचला आणि मी तो विचारायला नको होता. "काका, त्या सिमचं रिचार्ज कोण करतं? दर महिन्याला केलं नाही तर मेसेज जाणार नाही."

"मी तं नाई करत," ते म्हणाले.

यंत्रात भरलेला प्रोग्रॅम यंत्रातून वाचता येत नाही. आत गेल्यावर ते नुसते आकडे असतात. माणसाने लिहिलेलं हवं असेल तर ज्या लॅपटॉपवर ते लिहिलं तोच हवा. काकांनी तो गोदडीच्या घडीतून काढून आणला. बॅटरी पार उतरली होती. चार्जर लावल्यावर पंखा घरघरला आणि पडद्यावर आदेशच्या वावराचा फोटो आला. फोटोत माणूस नव्हतं. वांग्याच्या ओळींवर फक्त एक लांब सावली पडली होती, फोटो काढणाऱ्याची.

"आता काय पाहून राह्यली?" काका खाटेवरून उठून मागे उभे राहिले.

"त्याची लायब्ररी."

"लायब्ररी? हिंगणीत कुठं लायब्ररी आहे बाई? सेलूले आहे एक, म्हातारे पेपर वाचाले जातात थे."

"ती नाई काका. ही कॉम्प्युटरमधली."

"असं. आन् यातले म्हातारे कोन?"

मला हसू आलं. त्यांनाही थोडं आलं असावं, पण ते लगेच गेलं.

लायब्ररीच्या फोल्डरमध्ये इतरांच्या दहा-बारा लायब्रऱ्या होत्या, आणि त्यांच्यात राखण. प्रत्येक लायब्ररीत ओळखपत्रासारखी एक छोटी फाईल असते. मी ती उघडली. नाव: Rakhan. आवृत्ती: 1.0.0. पुढच्या दोन ओळी अशा होत्या:

author=Adesh
maintainer=Aai

"पहिला म्हणजे लिहिणारा," मी काकांना सांगितलं. "दुसरा म्हणजे पुढं सांभाळणारा. काही बिघडलं तर ज्याला विचारायचं तो."

"आन् तिथं आई लिहिलं त्यानं?"

"हाव."

"तिले मोबाईलचा आवाज कमी-जास्त करता येत नाई," काका म्हणाले. "गंमत्या होता पोट्टा."

मीही ती गंमतच समजले. मग मुख्य फाईल उघडली. आदेश फंक्शनची नावं रोमन लिपीत द्यायचा, पण शेजारी टीप देवनागरीत लिहायचा, आपली बोली तशीच ठेवून. कॉलेजात त्यावरून त्याला बोलणी बसायची. भोंग्याचं फंक्शन होतं, टीप: 'बोंबल.' मेसेजचं होतं, टीप: 'बाबाले सांग.' आणि मग kaun. टीप मी आधी मनात वाचली आणि मग मोठ्याने, कारण काका थांबले होते.

"'काऊन बंद पडला होता, थे उठल्यावर सांगते.'"

कौन नव्हतं ते. काऊन होतं. कोण नव्हे, का. रोमन अक्षरांत दोन्ही सारखेच दिसतात, आणि दोन्ही आमच्याच तोंडातले.

काका खाटेवर बसले. खाट करकरली. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"काऊन," ते म्हणाले. "त्यानं मले हेच तं विचारलं होतं."

"काका, ते तुम्हाले नाई विचारत. ते स्वतःबद्दल सांगते. बोर्ड बंद पडून पुन्हा चालू झाला की कशामुळे झाला, हे त्या चिपमध्ये नोंदलं जाते. आदेशनं ती नोंद फक्त वाचली आन् तुम्हाले पाठवली."

"मंग थे सहा?"

ते आकडे आदेशचे नव्हते, चिप बनवणाऱ्यांचे होते. आम्हाला प्रॅक्टिकलला होते. शून्य म्हणजे वीज नव्याने मिळाली. चार म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच स्वतःला पुन्हा सुरू केलं. पाच म्हणजे झोपेतून उठलं. सहा आठवायला मला क्षणभर लागला, आणि आठवल्यावर तो सांगावासा वाटेना.

"सहा म्हणजे काय व बाई?"

"सहा म्हणजे बाहेरून. कोणीतरी बटण दाबलं."

काकांनी मान हलवली, हळूहळू, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. "मंग थेच झालं ना," ते म्हणाले. "फिरून तिथंच आलो. कौन?"

आनंदाकाकी दारात आल्या. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेली भाकर. "मी जरा वावरात जाऊन येतो," त्या म्हणाल्या. "तू जेवल्याशिवाय जाजो नको पोरी. वरण शिजून राह्यलं."

"या उन्हात?" मी विचारलं.

"रोजच जातो."

मी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. पडद्यावर ती छोटी फाईल अजून उघडीच होती, आणि maintainer च्या पुढचा शब्द मी पुन्हा वाचला.

"थांबा काकी, मी बी येते," मी म्हटलं. काकांना मी काही बोलले नाही. मला खात्री नव्हती. फक्त फोन त्यांच्या हातात ठेवला आणि तो वाजला तर लगेच वावराकडे निघा, एवढं सांगितलं.

वावर पायी वीस मिनिटांवर होतं. काकी पुढे, मी मागे. वांग्याची झाडं पाणी असूनही माना टाकून होती. जंगलाची रेघ उन्हात थरथरत होती आणि पाखराचाही आवाज नव्हता. दिवसाच्या या वेळेबद्दल आमच्याकडे जे सांगतात ते मी कधी मानलं नाही. पण बांध ओलांडताना मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

वावराच्या मध्यावर सागाच्या खांबाला लोणच्याची प्लास्टिकची बरणी उलटी बांधलेली होती. आत बोर्ड, बॅटरीचा सेल, तारा. वर हाताएवढं सोलर पॅनल. काकींनी भाकर झाडाच्या सावलीत ठेवली, हात पदराला पुसले, बरणीचं झाकण फिरवून काढलं आणि आत तर्जनी घातली. बघून नाही, सवयीने, जसं डब्यातलं मीठ काढतात.

आत निळा दिवा लुकलुकला.

"झालं," त्या म्हणाल्या. "उठलं."

"काकी, हे तुम्हाले कोणी शिकवलं?"

"त्यानंच. लावलं त्या दिवशी. म्हणे, आई, हे येडं एका दिवसात झोपी जाते. काऊन झोपते थे मले अजून समजलं नाई. समजंल तोवर तू रोज दुपारी उठवत जाजो." त्यांनी झाकण लावलं. "तेरा दिवस मी आलीच नाई. चौदाव्या दिवशी आली तं झोपलं होतं बिचारं. तवापासून उठवतो."

"आन् रिचार्ज?"

"दुकानात त्याचा नंबर सांगतो. पाठ आहे ना मले."

"काकाले काऊन नाई सांगितलं?"

"ते फोडून टाकतील," काकी म्हणाल्या. "त्यायले हे आवडत नाई."

मी विचारलं, बटण दाबलं की मेसेज जातो, हे तुम्हाला माहीत आहे का? "मेसेज? कोनाले?" त्या म्हणाल्या.

दहा-बारा मिनिटांनी काका बांधावर दिसले तेव्हा ते जवळजवळ पळत होते. पायांत चप्पल नव्हती. फोन पुढे धरलेला, जणू तो त्यांना ओढून आणत होता. खांबापाशी आम्ही दोघी आहोत हे त्यांना दिसलं आणि काकी बरणीवरची धूळ पुसत आहेत हेही दिसलं. ते थांबले.

"तू व्हय?"

"मंग कोन रायते?" काकी म्हणाल्या. "आन् चप्पल कुठं आहे तुमची? पाय जळतील ना."

काकांनी फोन त्यांच्यासमोर धरला. काकींनी तो दोन्ही हातांत घेतला. फोटोतल्या मिटलेल्या डोळ्यावर त्यांनी अंगठा फिरवला, धूळ पुसावी तसा. "हा इथं काऊन आला?" त्या म्हणाल्या. पाच महिने एका घरात, एका चुलीवर जेवून, तिला त्रास नको म्हणून त्यांनी मेसेज लपवला होता आणि ते फोडतील म्हणून तिने बटण.

मी खरं तर इथेच थांबायला हवं होतं. प्रश्न कोणाचा होता, तर काकांचा, आणि त्याचं उत्तर समोर उभं होतं. पण एक गोष्ट मला खटकत होती. मी फोन मागून घेतला आणि बोटाने वर सरकवत पार पहिल्या दिवसापर्यंत गेले. नोव्हेंबर. VANAR, VANAR, VANAR, सकाळपासून वीसएक. शेवटचा चार वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा काकांनी वायर तोडली. त्यानंतर एकही मेसेज यायला नको होता.

पण एक होता. पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी. KAUN 0.

खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, असं मी ठरवलं. काही बोर्ड वीज नव्याने मिळाली तरी सहाच सांगतात. मी बरणी उघडली, सेल काढला, दहापर्यंत मोजलं, सेल पुन्हा बसवला. दिवा लागला. अर्ध्या मिनिटाने काकांच्या फोनवर आदेशचा फोटो आला. KAUN 0.

"काका," मी म्हटलं, "वायर त्यानं जोडली होती. इथंच उभं राहून. पावणेसहाले हे पुन्हा चालू झालं."

काका समजले नाहीत. मी त्यांना जोड दाखवला. पिन नव्हतीच. तुटलेल्या दोन तारा एकमेकींना पिळून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, घट्ट, तिरप्या वेढ्यांनी. आदेश सगळं तसंच गुंडाळायचा. कॉलेजातही चिकटपट्टी असताना तो ट्यूबच वापरायचा.

काकांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं.

"म्हंजे थो पिन आणाले नाई गेला."

"नाई काका. पिनेचं कामच उरलं नव्हतं."

"माझ्यापायी नाई गेला?"

"नाई."

त्यांचे खांदे खाली आले. मग ते ताठ झाले आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मंग काऊन गेला?"

याला आकडा नव्हता.

आम्ही घरी परतलो. यंत्र काढायचं कोणी म्हटलं नाही. निघण्याआधी राखणची एक प्रत घ्यावी, असं मला वाटलं. जगात ती फक्त त्या जुन्या लॅपटॉपवर होती आणि तो लॅपटॉप किती दिवस चालेल, सांगता येत नव्हतं.

"काका, पेन ड्राइव्ह आहे का घरात? एवढीशी असते, अशी..."

ते आत गेले आणि आरपार दिसणारी प्लास्टिकची एक पिशवी घेऊन आले. दवाखान्यातून मिळालेली पिशवी. गाठ अजून सोडलेली नव्हती. आत काच तडकलेलं घड्याळ, किल्ल्या, घडी घातलेला रुमाल, आणि एक काळी पेन ड्राइव्ह. "त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती," काका म्हणाले. "काय आहे थे आमाले समजलं नाई."

मी ती लॅपटॉपला लावली. आत एकच फाईल होती.

Rakhan.zip

तयार केल्याची वेळ पडद्यावर होती. त्याच दिवशीची, पाच वाजून सत्तावन्न मिनिटं.

मी माझा फोन काढला. आमचं शेवटचं बोलणं मी कधी पुसलं नव्हतं, पण त्याची वेळही कधी पाहिली नव्हती. माझा मेसेज, लायब्ररी कोण देईल बे: पाच एक्कावन्न. त्याचा, नेट नाई, आणतो: पाच त्रेपन्न. माझा अंगठा: पाच चौपन्न. सोमवारी आणेल, हे मी मनानेच ठरवलं होतं. त्याने सोमवार लिहिलाच नव्हता. हिंगणीहून वर्ध्याला माझ्याकडे यायचं तर रस्ता सेलूवरूनच जातो.

खोलीत वरणाचा वास होता. फोन खिशात ठेवून निघून जाता आलं असतं. काकांचा बोजा उतरला होता, आणि माझा कोणालाच माहीत नव्हता. पण बाहेर छपरीत बसलेला माणूस आता आयुष्यभर दुपारी बाराला तोच शब्द ऐकणार होता, आणि त्याचं उत्तर माझ्या हातात वेळेसकट होतं.

मी बाहेर जाऊन सांगितलं. काकांना आणि काकींना, दोघांनाही. मेसेज वाचून दाखवले, माझा तो टोमणाही, शब्द न बदलता. घड्याळातल्या वेळा सांगितल्या. लायब्ररी म्हणजे काय ते पुन्हा सांगितलं, आणि ती माझ्याकडे नव्हती, मी मागितली, आणि तो ती घेऊन माझ्याकडेच निघाला होता, हेही.

काकी उठून आत गेल्या. मला वाटलं त्या आता बाहेर येणार नाहीत. त्या पाण्याचा गिलास घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवला. मी तो उचलला नाही. त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला.

काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते. ऊन पार भिंतीपर्यंत आलं होतं.

"मंग," शेवटी ते म्हणाले, "भेटली का तुले?"

"काय काका?"

"थे लायब्ररी. त्यानं आणली होती थे."

पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत होती.

"भेटली काका," मी म्हटलं. "आज भेटली."